तंतोतंत प्रत आणि श्रवण

संगणकात साठवलेले गाणे म्हणजे आकड्यांची एक लांबलचक यादी असते. ते आकडे क्रमाने वाचून ध्वनियंत्रणेकडे पोचवण्याचे काम प्लेअर नावाचे सॉफ्टवेअर करते. घरबसल्या उत्तम दर्जाचे गाणे ऐकू पाहणारा माणूस या प्लेअरकडून एवढेच मागतो की मूळ ध्वनिमुद्रणात जे आहे तेच, काही न घालता आणि काही न गाळता, ऐकू यावे. या साध्या मागणीतल्या 'मूळ', 'तेच' आणि 'ऐकणे' या तिन्ही शब्दांवर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे. शब्द नित्य की अनित्य, कानावर पडतो तो पहिला शब्द की त्याच्यापासून निपजलेला दुसरा, आणि श्रवण घडते ते कोणाकडून, हे त्या वादाचे विषय. संगणकाने त्यांना एक नवा दृष्टान्त मिळवून दिला आहे.

गोव्यातल्या साखळीसारख्या गावात हा वाद पोथीपुरता राहत नाही. वाळवंटी नदीच्या काठी वसलेल्या या गावात दत्तमंदिर आहे. लगतच्या कारापुरात विठ्ठलापूरचे विठ्ठलमंदिर आहे. थोड्या अंतरावर हरवळ्याची कोरीव लेणी आणि रुद्रेश्वर आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घराघरांत घुमट या वाद्याच्या साथीने घुमट-आरत्या होतात, देवळांत भजने रंगतात. अशा प्रसंगांची ध्वनिमुद्रणे एके काळी कॅसेटवर होत. गोव्याच्या पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर बुरशी चढते, फीत चिकटते, आवाज विरत जातो. जुने काही टिकवायचे तर संगणकावर त्याची प्रत करण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत झाली की मग प्रश्न उभे राहतात. ही प्रत मुळाइतकी खरी आहे का? आणि ती देवासमोर लावली, तर भजन झाले असे म्हणायचे का?

आकड्यांची प्रत

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. सीडीसाठी हा दाब दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, नोंदवतात. डाव्या-उजव्या दोन वाहिन्या धरून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेले हे मान १९८२ मध्ये सीडी बाजारात आल्यापासून चालू आहे. दोन मापांच्या मधला आवाज हरवतो, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. ध्वनीतल्या सर्वांत उंच कंप्रतेच्या दुपटीहून जास्त वेगाने मापे घेतली, तर त्या मर्यादेतला सगळा ध्वनी मापांवरून पुन्हा उभा करता येतो. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये हा सिद्धान्त गणिताने मांडला. माणसाचा कान तरुणपणीही साधारण २०,००० हर्ट्झच्या वर काही ऐकत नाही, त्यामुळे ४४,१०० मापे त्याला पुरतात.

ही आकडेवारी साठवण्याचे दोन मार्ग आहेत. एमपी३ सारख्या पद्धतीत मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज कानाला कळणार नाहीत असे गृहीत धरून गाळले जातात. सेकंदाला १,२८,००० बिटांची एमपी३ फाइल मूळ सीडीच्या अकराव्या हिश्श्याएवढी भरते. २००१ मध्ये आलेल्या फ्लॅक पद्धतीत मात्र काहीच गाळले जात नाही. आकडे घट्ट घडी घालून ठेवले जातात आणि वाजवताना ती घडी जशीच्या तशी उलगडते. फ्लॅक फाइलच्या आरंभी मूळ आकड्यांवरून काढलेली एक ताळ्याची संख्याही नोंदवता येते. उलगडलेले आकडे त्या संख्येशी जुळले, की प्रतीत खोट नाही हे सिद्ध होते.

प्लेअरचे काम इथून पुढे सुरू होते. संगणकाची कार्यप्रणाली एरवी सगळे आवाज एका ठिकाणी मिसळते. गाणे, सूचनेची घंटी, व्हिडिओ हे सारे मापे घेण्याच्या एकाच वेगावर आणले जाते आणि त्यात मूळ आकडे बदलतात. हे टाळण्यासाठी फूबार२००० सारख्या प्लेअरमध्ये ध्वनियंत्रणा एकट्या गाण्यासाठी राखून ठेवण्याची सोय असते. विंडोजवर त्यासाठी वासापी हा मार्ग आहे, आणि स्टाइनबर्ग कंपनीने तयार केलेला आसिओ हा त्याहून जुना मार्ग आहे. आवाजाची पातळी सॉफ्टवेअरमधून कमी केली नाही, स्वर वर-खाली करणारी साधने बंद ठेवली, की फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचतात. अशा वाजवण्याला बिट-परफेक्ट म्हणतात. याचा अर्थ असा की नीट जुळवलेले दोन वेगळे प्लेअर डॅककडे एकच यादी पाठवतात. प्रत तंतोतंत असण्याचा प्रश्न इथे निकाली निघतो. माणसाने केलेल्या नकलांच्या इतिहासात ही गोष्ट नवी आहे. हस्तलिखित पोथीची नक्कल करताना लेखनिकाची चूक व्हायची, लाखेच्या तबकडीवर प्रत्येक वाजवण्यागणिक खरखर वाढायची, कॅसेटवरून कॅसेट केली की वरचे सूर मंदावायचे. आकड्यांची हजारावी प्रतही पहिलीसारखीच असते.

तेच गाणे की तसेच गाणे

एका फाइलच्या दोन प्रती दोन डिस्कवर आहेत आणि दोन्हींची ताळ्याची संख्या एक आहे. तर हे एकच गाणे म्हणायचे की एकसारखी दोन गाणी? वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक आणि तर्क-प्रमाणांचा विचार करणारे नैयायिक यांच्यातला वाद जवळपास याच रूपात मांडता येतो.

मीमांसकांच्या मते वर्ण नित्य आहेत. उच्चार त्यांना उत्पन्न करीत नाही, फक्त प्रकट करतो. अंधाऱ्या खोलीत दिवा नेल्यावर भांडी दिसू लागतात. दिव्याने ती घडवलेली नसतात. यासाठी मीमांसक प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ओळख पटण्याचा, आधार घेतात: काल ऐकलेला आणि आज ऐकलेला गकार 'तोच' म्हणून ओळखला जातो. मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी यांनी याला भाषेच्या वापरातला दाखला दिला आहे. 'गो' हा शब्द कोणी आठदा उच्चारला, तर लोक शब्द आठ वेळा उच्चारला असे म्हणतात, आठ शब्द उच्चारले असे म्हणत नाहीत. मराठीतही एकच भजन दहा वेळा लावले तर 'दहा वेळा ऐकले' असेच म्हणतात. दहा भजने ऐकली असे कोणी म्हणत नाही. फाइलच्या प्रतींबद्दलही व्यवहार मीमांसकांच्या बाजूने कौल देतो.

नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण आहे. तो उत्पन्न होतो आणि दोन-तीन क्षणांत नष्ट होतो. 'तोच' ही ओळख जातीच्या साम्यामुळे पटते. वैद्याने एकाला दिलेले औषध दुसरा घेतो आणि 'मीही तेच औषध घेतो' असे म्हणतो. पुडी वेगळी, औषध त्याच जातीचे. या मताप्रमाणे दोन डिस्कवरच्या प्रती दोन आहेत आणि त्यांतून दोन वेळा निघालेले गाणेही दोन आहे. त्यांच्यात आहे ते साम्य, ऐक्य नव्हे.

शब्द दूरपर्यंत कसा पोचतो, याचे नैयायिकांनी दिलेले स्पष्टीकरण या विषयाला अधिक लागू पडते. घंटेवर टोला पडला की पहिला शब्द जन्मतो. तो आपल्या शेजारी दुसरा उत्पन्न करून संपतो. दुसऱ्यातून तिसरा होतो. पाण्यावर लाटेतून लाट उठावी तशी ही परंपरा पसरते, म्हणून तिला वीचीतरंगन्याय म्हणतात. कदंबाच्या कळीचे तंतू एकदम चारी दिशांनी फुटतात, तशी ती पसरते असे दुसरे मत आहे, तो कदंबमुकुलन्याय. दोन्हींचा निष्कर्ष एकच की कानाला कळतो तो परंपरेतला शेवटचा शब्द. घंटेपाशी जन्मलेला पहिला शब्द कानापर्यंत येतच नाही.

हे मान्य केले, तर 'प्रत्यक्ष मैफल खरी आणि ध्वनिमुद्रण नक्कल' या समजुतीचा पाया डळमळतो. देवळात गवयापासून वीस हातांवर बसलेल्या माणसालाही मूळ शब्द मिळत नाही. त्याचा वंशज मिळतो. मायक्रोफोन, आकडे, डॅक आणि स्पीकर ही साखळी त्याच परंपरेत काही जास्तीच्या लाटा घालते. फरक राहतो तो एवढाच की या मधल्या लाटांनी आधीच्या लाटेचे रूप राखले की बिघडवले. श्रवणयंत्रणेचा दर्जा म्हणतात तो नेमका हा.

पाचव्या शतकाच्या सुमारास वैयाकरण भर्तृहरीने तिसरा मार्ग काढला. त्याने स्फोट, म्हणजे अर्थ प्रकट करणारे अखंड शब्दतत्त्व, आणि ध्वनी यांत फरक केला आणि ध्वनीचेही दोन प्रकार सांगितले. प्राकृत ध्वनीमुळे शब्द ओळखू येतो. वैकृत ध्वनीमुळे तोच शब्द द्रुत, मध्यम किंवा विलंबित गतीत ऐकू येतो. उच्चार लांबला म्हणून शब्द लांबत नाही. संगणकाशी ही मांडणी अगदी तंतोतंत जुळत नाही, पण तिचा उपयोग आहे. फाइलमधले आकडे सर्वत्र एकच. साखळीतल्या कौलारू घरात, मुंबईतल्या सिमेंटच्या खोलीत, हेडफोनमध्ये ते वाजतात तेव्हा जे वेगळे होते ते वैकृत. खोलीच्या भिंती, जमिनीवरची चटई, स्पीकरची जागा हे सारे त्या वैकृतात येते. प्लेअरला आकडे राखता येतात. वैकृतावर त्याची सत्ता चालत नाही.

वर्ण आणि ध्वनी

मीमांसकांचा नित्यतेचा दावा वर्णांपुरता होता. न्यायाच्या ग्रंथांतही शब्दाचे दोन भाग केले आहेत: कंठ-ताल्वादी स्थानांतून निघतो तो वर्ण, आणि मृदंगासारख्या वाद्यांतून निघतो तो ध्वनी. ही विभागणी लक्षात घेतली, तर श्रवणाच्या दर्जाबद्दलचा बराच गोंधळ मिटतो.

आरतीचे शब्द अत्यंत वाईट प्रतीतही टिकतात. फोनवरून, फाटक्या भोंग्यातून, गाळीव एमपी३ मधून ऐकले तरी क हा क राहतो आणि ग हा ग राहतो. ज्याला मंत्राचा पाठ शिकायचा आहे त्याला फ्लॅक फाइलची गरज नाही. अक्षर, मात्रा आणि स्वर कळले की पुरे. घुमटाचे मात्र तसे नाही. घुमट हे मातीचे भांडे. त्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले आणि दुसरे उघडे असते. उघड्या तोंडावर हाताचा पंजा कमी-जास्त झाकून वादक घुमारा बदलतो. साखळी ज्यात येते तो डिचोली तालुका अशा कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. कातडे बदलले की नाद बदलतो, आणि हा बदल वर्णांत कुठेच नोंदला जात नाही. तो आहे खर्जाच्या घुमाऱ्यात, थाप पडल्यावरच्या पहिल्या काही सहस्रांश सेकंदांत, कासाळ्याच्या, म्हणजे झांजेच्या, किणकिणाटात. एमपी३ ची गाळणी हात घालते ती नेमकी याच ठिकाणी. जोरदार थापेच्या अगोदर एक पुसट फुसफुस ऐकू येणे आणि झांजेचा नाद पाण्यासारखा पातळ होणे, हे कमी बिटांच्या एमपी३ चे ओळखीचे दोष आहेत.

म्हणून दर्जाची गरज कशासाठी, याचे उत्तर वर्ण-ध्वनी भेदातून मिळते. काय म्हटले ते कोणत्याही प्रतीत कळते. कोणी म्हटले, कशावर वाजवले, कुठल्या जागेत म्हटले, हे चांगल्या प्रतीतच कळते. बोधासाठी पहिले पुरते. नादाला दैवत मानणाऱ्या परंपरेला दुसऱ्याशिवाय चालत नाही.

कानाचाही यात वाटा आहे. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरला खर्ज पेलत नाही, तरी त्यावर घुमट-आरती ऐकताना खालचा सूर ऐकू आल्यासारखा वाटतो. मूळ सूर गाळून त्याच्या पटींतले वरचे सूर तेवढे ऐकवले, तरी मन गाळलेला सूर स्वतः भरून काढते. ध्वनिशास्त्राने हे दाखवून दिले आहे. ऐकणे ही केवळ घेण्याची क्रिया नाही. ऐकणारा त्यात भर घालत असतो.

मूळ कुठे असते

प्रत मुळाशी ताडून पाहायची तर मूळ हाताशी हवे. इथे एक उदाहरण साखळीच्या परिसरालाच जोडलेले आहे. सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकून त्या गोव्यात परतल्या आणि डिचोलीजवळच्या लामगावात रामकृष्णबुवा वझे येत तेव्हा त्यांच्याकडे शिकल्या. पुढे मुंबईत त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांची दीर्घ तालीम घेतली. त्यांची भैरवीतली 'जात कहाँ हो' ही सुमारे साडेतीन मिनिटांची तबकडी अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घेतली गेली. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. केसरबाई त्याच महिन्याच्या १६ तारखेला वारल्या.

या गाण्याचे मूळ कोणते? मैफलीत तासभर राग उलगडणाऱ्या गायिकेने लाखेच्या तबकडीच्या एका बाजूत मावेल एवढेच ते गायले. त्या साडेतीन मिनिटांच्या मागे तशी कुठली मैफल नव्हती जिची ती नक्कल ठरावी. तबकडी हेच तिचे मूळ. आज त्या तबकडीवरून २४ बिटांत, सेकंदाला १,९२,००० मापे घेऊन प्रत केली, तरी तबकडीत जे कोरलेच गेले नाही ते तीत येणार नाही. येईल ती खरखर मात्र अधिक बारकाईने येईल. खरखर सॉफ्टवेअरने पुसली तर तिच्याबरोबर श्वासाचा, सूर सोडतानाचा काही भागही पुसला जातो. म्हणून जुनी मुद्रणे जपणाऱ्या संस्था न पुसलेली प्रत वेगळी राखतात आणि ऐकण्यासाठी साफ केलेली प्रत वेगळी करतात. तत्त्वाच्या भाषेत सांगायचे तर साक्षीची प्रत आणि आस्वादाची प्रत एक असतेच असे नाही.

घरातल्या घुमट-आरतीच्या मुद्रणातही हीच अडचण निराळ्या रूपात येते. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, बसलेल्या मुलाला ऐकू येते ती आरती, ओसरीवरच्या म्हाताऱ्याला ऐकू येते ती आरती आणि घुमट वाजवणाऱ्याला ऐकू येते ती आरती एक नसते. मायक्रोफोन यांपैकी एकाच जागी ठेवता येतो. त्या जागेला मुळाचा मान मिळतो तो मायक्रोफोन ठेवणाऱ्याच्या निवडीमुळे.

व्हॉयेजरच्या तबकडीबरोबर ती वाजवण्याची सुई आणि आकृतींतून दिलेल्या सूचना पाठवल्या आहेत. व्हॉयेजर १ आज सूर्यापासून २,३०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे आणि तबकडी वाजवणारे तिथे कोणी नाही. नैयायिकाला विचारले तर तिथे गाणे नाही. आहेत त्या धातूवरच्या खाचा. प्रकट करणारे साधन मिळाले की शब्द प्रकट होतो, हे मीमांसकाचे उत्तर वर्णांना लागू पडेल. केसरबाईंच्या आवाजाच्या जातीला ते लागू करायला तो स्वतःच कचरेल. संगणकातल्या न उघडलेल्या फाइलची स्थितीही हीच आहे.

कानाची साक्ष

उत्तम श्रवणाच्या छंदात श्रद्धेचा भाग मोठा असतो. आकडे तेच पोचवणारे दोन प्लेअर वेगळे ऐकू येतात, एका तारेने आवाज उबदार होतो, सीडीहून जास्त मापांची फाइल अधिक जिवंत वाटते, असे प्रामाणिकपणे सांगणारे लोक आहेत. त्यांचा अनुभव खोटा म्हणून झिडकारणे सोपे आहे आणि प्रत्यक्ष म्हणून स्वीकारणेही तितकेच सोपे. न्यायदर्शन दोन्ही सोपे मार्ग बंद करते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाच्या लक्षणात अव्यपदेश्य आणि अव्यभिचारी ही विशेषणे आली आहेत. ज्ञान नावावर अवलंबून नसावे आणि ते पुढे खोटे ठरू नये, असा त्यांचा ढोबळ अर्थ. महाग यंत्राचे नाव डोळ्यांपुढे असताना झालेले ज्ञान पहिल्याच अटीत अडकते. नाव झाकून ऐकण्याची जी कसोटी श्रवणशास्त्रात वापरतात, ती म्हणजे अव्यपदेश्यतेची अट प्रत्यक्षात आणणे. एबीएक्स कसोटीत अ आणि ब हे दोन नमुने ऐकवतात, मग क्ष ऐकवतात आणि तो कोणता ते ओळखायला सांगतात. फूबार२००० मध्ये ही कसोटी घरी घेता येते. सोळापैकी बारा वेळा बरोबर ओळखले, तर ते नुसत्या नशिबाने घडण्याचा संभव शेकडा चाराहून कमी असतो. कसोटीआधी दोन्ही नमुन्यांची पातळी जुळवावी लागते. आवाज किंचित मोठा असला, तर कान त्याला मोठा न म्हणता चांगला म्हणतो. नैयायिकांची अन्यथाख्याती इथे चपखल बसते: वस्तू खरी, तिच्यावर चढवलेला धर्म दुसरीकडचा.

उलट बाजूने भाट्ट पंथाच्या मीमांसकांची योग्यानुपलब्धी उपयोगी पडते. एखादी वस्तू जाणवली नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. असती तर जाणवलीच असती अशी परिस्थिती असेल, तरच न जाणवणे हे अभावाचे प्रमाण होते. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे होत नाही. मृगाच्या सरी कौलांवर कोसळत असताना फ्लॅक आणि एमपी३ यांत फरक कळला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सोळा बिटांत सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते, चोवीस बिटांत १४४. पण शांत घरातही तीस-चाळीस डेसिबलची गुणगुण असतेच. पंख्याची घरघर, रस्ता, पाऊस हे त्या अंतराचा खालचा भाग गिळून टाकतात. ऐकण्यासाठी चोवीस बिटांची गरज सिद्ध करणे म्हणूनच कठीण जाते. ध्वनिमुद्रण करताना मात्र त्यांचा खरा उपयोग होतो, कारण गायकाचा आवाज किती चढेल हे तेव्हा ठाऊक नसते.

अखंड आणि सलग

आता देवासमोरचा प्रश्न. प्लेअरमध्ये एक गाणे संपून दुसरे सुरू होताना मध्ये क्षणाचीही फट न ठेवण्याची सोय असते आणि यादी पुन्हा पुन्हा लावण्याचीही. या दोन सोयी वापरल्या, तर भजन आठवडाभर न तुटता चालू ठेवता येईल. गोव्यातल्या सप्ताहांत भजन अखंड ठेवण्याचे व्रत असते. वास्कोच्या दामोदर देवळातल्या प्रसिद्ध सप्ताहात चोवीस तास पथकांमागून पथके पाळीपाळीने भजन पुढे नेतात. तांत्रिक कसोटी लावली तर प्लेअरचे सलगपण माणसांच्या अखंडतेपेक्षा सरस ठरेल: त्याचा घसा बसत नाही, ताल सुटत नाही. तरीही देवळात प्लेअर लावून कोणी सप्ताह पार पाडत नाही.

याचे कारण भावनेत शोधण्याची गरज नाही. धर्मशास्त्राच्या रचनेतच ते आहे. विधी माणसाला उद्देशून असतो. विधिवाक्याने प्रवृत्त होतो तो कर्ता, आणि फळ मिळते ते त्याच्या प्रयत्नाला. व्रताचा आरंभ संकल्पाने होतो आणि यंत्राला संकल्प नाही. सप्ताहातले अखंडपण हे आवाजाचे नसून जबाबदारीचे आहे: एका पथकाने टाळ खाली ठेवण्याआधी दुसऱ्याने तो उचलायचा. आवाज सलग राहिला आणि ही देवघेव झालीच नाही, तर व्रत तुटलेच.

प्रतिमेशी तुलना केली की हे अधिक उलगडते. चवथीची मातीची मूर्ती दर वर्षी नवी असते. पूजेत गणपतीच्या जागी सुपारीही चालते. सुपारी गणपतीसारखी दिसत नाही, आणि तशी दिसावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. तिला देवत्व येते ते आवाहनाने. म्हणजे पूजेत प्रतीची योग्यता साम्यावर ठरत नाही. ध्वनीच्या प्रतीची योग्यता मात्र केवळ साम्यावर ठरते. एका क्षेत्रातली कसोटी दुसऱ्यात लावली की दोन्हीकडे घोटाळा होतो. ध्वनिमुद्रण तंतोतंत आहे म्हणून ते भजन होत नाही, आणि स्पीकर जुनाट आहे म्हणून भक्तीत उणेपण येत नाही.

मग घरी ऐकण्याला धर्मात जागा नाही का? आहे, आणि ती बरीच वरची आहे. भागवताने सांगितलेल्या नऊ भक्तींत श्रवण पहिले. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीच्या समासाने होतो. वेदान्तातही श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा क्रमात श्रवण पहिली पायरी आहे. कीर्तनभक्तीत कर्ता गातो. श्रवणभक्तीत ऐकणारा हाच कर्ता असतो. गाणारा जिवंत समोर असावा, अशी अट श्रवणाच्या लक्षणात नाही. म्हणून ध्वनिमुद्रित भजन ऐकणे हे कीर्तन होऊ शकत नाही, पण श्रवण होऊ शकते. ऐकणाऱ्याचे चित्त तिथे असणे हीच काय ती त्याची अट.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद मानले. अनाहत हा योग्याच्या उपासनेचा विषय. लोकांना रंजवणारा नाद तो आहत. आघातातून जन्मलेलाच नाद मायक्रोफोनला मिळतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणाचे सारे क्षेत्र आहतात येते आणि कितीही बिटांनी ते त्याबाहेर जात नाही. शार्ङ्गदेवाने आहताला मात्र कमी लेखले नाही. रंजन करता करता तोही मुक्तीकडे नेऊ शकतो, असे त्याचे मत होते. चांगल्या दर्जाच्या श्रवणाचा आग्रह धरण्यासाठी शास्त्रातला एवढा आधार पुरेसा आहे.

कॅसेटवरचे भजन बुरशीतून वाचवून त्याची न गाळलेली प्रत करावी, ताळ्याची संख्या जपावी, एक प्रत घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. इथवरचे काम सॉफ्टवेअरच्या हातातले आहे आणि ते तपासून पाहता येते. अनेक प्लेअर प्रत्येक गाण्यापुढे ते किती वेळा वाजले याचा आकडाही ठेवतात. शबरस्वामींच्या दाखल्यातला 'आठ वेळा' तो हाच. खोलीत कोणी असो वा नसो, तो आकडा एकने वाढतो. किती वेळा ऐकले याची नोंद त्यात नसते.